चार पोत्यांची सरासरी

पोरगी सांगलीला कॉलेजात होती, माझ्या बहिणीकडं राहायची. अर्थशास्त्र घेतलेलं. दुसऱ्या वर्षाला सांख्यिकीचा पेपर आला आणि तिथं गाडी अडली. सहामाहीत चाळीसपैकी नऊ मार्क. 2001 ची गोष्ट. दसऱ्याला यष्टीनं घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "आबा, मला नाही जमत. मी परत जात नाही."

तिची आई चुलीपुढनं म्हणाली, "बरंच झालं. एक स्थळ आलंय."

मी दहावी शिकलेला. कॉलेजचं मला काय कळणार? पण मला हिशेबाची खोड. 1980 पासून एका जाड वहीत बाजरी लिहीत आलोय, पेरा किती, पोती किती, पाऊस कधी आला. रात्री जेवणं झाल्यावर ती वही तिच्यापुढं टाकली. म्हटलं, "तुझ्या पुस्तकात जे काय असंल ते ह्याच्यावर करून दाव."

लाईट गेलेली. कंदिलाच्या उजेडात तिनं एकवीस सालांची बेरीज मारली, भागलं. एकरी चार पोती.

"चुकलं तुझं," मी म्हटलं.

"बरोबर आहे, आबा."

"अगं, पण चार पोती मला झाली कधी?"

वही चाळली. बरोबर चार झालेलं साल सगळ्यात एकच. बाकी कधी आठ, कधी सहा, आणि तीनदा तर नुसतं सरमाड. ती जरा वेळ गप्प बसली. मग तिनंच पुस्तक उघडलं. "म्हणून पुढचा धडा आहे," म्हणाली. प्रमाण विचलन. फळ्यावर सूत्र लिहून दिलं होतं, पण ते कशाला पाहिजे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक साल सरासरीपासनं किती लांब गेलं ते काढायचं, त्याचा वर्ग, त्या सगळ्यांची सरासरी, मग वर्गमूळ. उत्तर आलं अडीचच्या आसपास. म्हणजे चार पोत्यांना अडीच पोत्यांचा हेलकावा. सोसायटीवाले चार बघून कर्ज देत्यात, आणि आमचा जीव जातो त्या अडीचात. हे मला बिनपुस्तकाचं ठाऊक होतं, पण आकड्यात पहिल्यांदा दिसलं.

तशी आमच्या सातारा जिल्ह्याची सरासरी हा एक विनोदच आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि आमच्या माण-खटावात पाचशे झाला तरी सण. दोन्हीची बेरीज करून भागाकार केला की सगळा जिल्हा भिजलेला.

दोन दिवसांनी पीक कापणी प्रयोगाची माणसं गावात आली. विम्यासाठी मंडळाचा उतारा काढायचा होता. बाजरीचा विमा मी भरलेला, आणि खरं सांगायचं तर पोरीची फी त्यातनंच भागवायचा विचार होता. गट नंबर आधीच ठरून आलेला. निघालं ते ओढ्याकाठचं काळं रान. गावात सगळ्यात बरी बाजरी तिथं! मी साहेबांना बाजूला घेतलं. म्हटलं, "माझ्या माळाच्या रानात चला, तिथं खरी परिस्थिती दिसंल." चहाचंही बोललो. लपवून काय करू?

पोरगी मागंच उभी होती. म्हणाली, "आबा, तुम्ही निवडलं की ते खोटं होतंय."

चारचौघात. मला राग आला. साहेब खाली बघून हसला आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातनं पावलं टाकत कागदावरच्या आकड्यापर्यंत गेला. तिथं दोरी धरून चौकोन आखला, कापलं, झोडलं, वजन घेतलं.

घरी मी बोलत नव्हतो. ती वाढायला बसली तेव्हा म्हणाली, "एका रानावर ठरत नाही आबा, मंडळातल्या बऱ्याच रानांचा उतारा धरत्यात. आज आपण माळ दाखवला, तर उद्या दुसरं कुणी ओढाकाठ दाखवंल. म्हणून निवड कुणाच्या हातात ठेवायची नाही. यादृच्छिक म्हणत्यात त्याला." तो शब्द मला दोनदा म्हणूनही नीट आला नाही. शेजारच्या गावांत पाऊस बरा झालेला, सरासरी उंबरठा उत्पादनाच्या वर राहिली. विमा मिळाला नाही. बरोबर तिचंच होतं, पण माझं पोट तेव्हा भरलं नाही.

पुढं तिच्या एका सरांनी तिला सांगितलं, की ही अशी रानं निवडून पीक कापायची पद्धत देशात बसवण्यात मोठा वाटा डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा. 1940 नंतर दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत त्यांनी हे काम केलं, 1951 ला रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. आणि जन्म 1911 चा, आमच्याच जिल्ह्यातल्या बुधचा! बुध म्हणजे आमच्यापासनं सायकलच्या टप्प्यात. ज्या माणसाच्या पद्धतीवर मी चहाचं बोललो, तो आमच्याच मातीतला निघाला.

फीसाठी कालवड विकली. स्थळाला नाही कळवलं. दिवाळीनंतर सांगलीच्या गाडीत बसायच्या आधी पोरीनं वही मागितली, 2001 पुढं दीड पोतं लिहिलं, आणि उभ्या उभ्या नवी सरासरी काढली. चाराची 3.89 झाली होती.