खैरियत

आमच्या मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुटी असते. जुम्याची नमाज झाली की पुरुष चहाच्या हॉटेलांत बसत आणि दुपारनंतर बायका एकमेकींच्या घरी जात. कोणाचे माग बंद पडले, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, हे सारे त्या फेऱ्यांत कळे. आमच्याकडे याला 'खैरियत विचारणे' म्हणतात.

हॉटेले आजही भरलेली असतात. पण एका टेबलावरची चार माणसे चार मोबाईलमध्ये बसलेली दिसतात. शीरखुर्म्याचे डबे फिरण्याआधीच ईदच्या मुबारकबादीचे चित्र शंभर जणांना जाऊन पोहोचलेले असते. मग पुन्हा घरी जायचे कशाला, असे लोकांना वाटू लागले आहे.

मोबाईलला नुसती नावे ठेवणे मला पटत नाही. नव्वदच्या दशकात माझे मामू सौदीत होते. ते कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवीत आणि नानी ती कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकत रडत असे. आज आखातात गेलेल्या मुलाचा चेहरा आईला रोज दिसतो. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले, त्याचा हा मोठाच फायदा. पण समुद्रापलीकडच्या माणसासाठी झालेली सोय आपण शेजारच्या गल्लीलाही लावली, तिथे घोटाळा झाला.

2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाली. पालकांच्या ग्रुपवर मी अभ्यास पाठवी. सहावीतल्या एका मुलाच्या घरून रोज 'जी बाजी' असे उत्तर येई, सोबत अंगठ्याचे चित्र. निर्बंध सैल झाल्यावर मी घरोघरी जाऊ लागले, तेव्हा त्याच्याही घरी गेले. मोबाईल बापाजवळ होता आणि उत्तरे कारखान्यातून येत होती. मुलगा दुसरीकडे कांडी भरायला जात होता. आई दोन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेली. भिंतीला भिंत लागून घरे, शेजारणीही त्याच ग्रुपवर, तरी कोणाला पत्ता नाही. मी तिला विचारले, "आपा, कळवले का नाही?" ती म्हणाली, "मोबाईलवर काय सांगू बाजी? कोणी दारात आले असते तर सांगितले असते."

त्या संध्याकाळपासून शेजारून जेवणाचा डबा येऊ लागला. शेजारीण निष्ठुर नव्हती. तिला कळले नव्हते, एवढेच.

भेट तुटली की माणूस अनोळखी होतो आणि अनोळखी माणसाविषयी काहीही खरे वाटू लागते. 1 जुलै 2018 रोजी शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच रात्री आमच्या मालेगावातही एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडले होते. काही रहिवासी आणि पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात घातली. ते बरे झाले. पण समोरच्या माणसाला "भाऊ, तुम्ही कुठले?" असे विचारण्याचे काम कोणतीही कंपनी करणार नाही.

हल्ली एखादा मुलगा दोन दिवस शाळेत दिसला नाही की त्याच्या मोहल्ल्यातली दोन मुले मी त्याच्या घरी पाठवते. पालकांना संदेश नंतर. मुले दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात: "बाजी, त्याला ताप आहे", "बाजी, त्याची चप्पल तुटली आहे म्हणून येत नाही." चप्पल तुटल्याचे कोणी ग्रुपवर लिहीत नाही. आपल्या वस्तीत अशा किती तुटलेल्या चपला असतील, हे दार वाजवल्याशिवाय कळायचे नाही.