रग

फिजिओथेरपिस्टचा रोजचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आंटीजी, दर्द कितना है? दस में से बताइए.’ आईला जबलपुरात येऊन पंचेचाळीस वर्षं झाली. भाजीवालीशी, बँकेत, शेजारी ती झकास हिंदी बोलते. दुखतं मात्र तिला अजून मराठीतच. आकडा मागितला की ती माझ्याकडे बघते.

2000 साली मुंबईत ब्रीच कँडीमध्ये वाजपेयींचा गुडघा बदलला, पुढच्या वर्षी दुसरा. आईला ती बातमी आठवते, डॉक्टर राणावतांचं नावही. व्यायामाबद्दल काही वाचल्याचं आठवत नाही. टाच गादीवरून मागे सरकवायची, गुडघा वाकवायचा. पायाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची. यात बातमी होण्यासारखं काय आहे?

पण खरी लढाई तीच. खुर्चीतून सहज उठायचं तर गुडघा साधारण 90 अंश वाकायला हवा, नीट चालायचं तर पूर्ण सरळही व्हायला हवा. दुसऱ्या आठवड्यात आईचा 75 वर अडला होता. सुरुवातीचे आठवडे वाया गेले तर आत व्रणाच्या ऊती घट्ट होत जातात आणि गुडघा आखडतो. म्हणून तो दाबणार. किती दाबायचं, हे तिच्या उत्तरावर ठरणार.

एकदा ती म्हणाली, ‘रग लागली.’ तो बिचारा पोटरीतली नस चाचपू लागला! हिंदीत रग म्हणजे शिरच. मग मी त्याला एकेक शब्द फोडून सांगितला. ओढ बसते, ती चालेल. रग व्यायामानंतर लागते, बर्फाने, विश्रांतीने उतरते. चमक निघाली की तिथेच थांबायचं. आणि पोटरी सुजून ठणकू लागली, तर थेट डॉक्टरांना फोन. रक्ताची गुठळी असू शकते. आयुष्यभर कवितांचे अनुवाद केले, पण शब्दाची छटा इतकी कामाची कधी ठरली नव्हती. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं. आता विचारतो, ‘आंटीजी, ओढ या चमक?’ आकडा अजून विचारतोच. फॉर्ममध्ये भरावा लागतो.

काल जिना सुरू झाला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आईला ग्वारीघाटावर नर्मदेपर्यंत जायचंय.

‘घाटावर तर आधी उतरायचंच असतं,’ ती म्हणाली. ‘म्हणजे नवा पुढे.’