गेलेले आणि राहिलेले

गेल्या मे महिन्यात आमचा एक पुतण्या मुंबईहून सुटीसाठी घरी आला, तो मोठ्या उदास चेहऱ्याने आला. परीक्षा, नोकरी, प्रकृती अशा ज्या ज्या गोष्टींनी तरुणांचे चेहरे उतरतात, त्या सर्वांची चौकशी करून झाल्यावर असे कळले की, ज्या रॉक बँडची गाणी तो शाळेत असल्यापासून ऐकत आला, त्यातून मुख्य गायक आणि तालवादक असे दोघेही बाहेर पडले होते. "आता नाव तेवढे उरले, काका, बँड संपला," असे म्हणून तो विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. घरातील माणसे हसली. आम्हीही हसलो, परंतु आमचे हसू फार वेळ टिकले नाही. कारण 'बँड' ह्या शब्दाच्या जागी 'मंडळी' हा शब्द घालून नेमके हेच वाक्य आम्ही स्वतः पूर्वी एकदा उच्चारले होते, आणि त्याचे फळ मात्र दुसऱ्यांना भोगावे लागले होते.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर ज्याचे बालपण गेले त्यास दशावतारी मंडळी म्हणजे काय हे सांगावयास नको. घाटावरील वाचकांसाठी मात्र दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कार्तिकात तुळशीची लग्ने लागली की आमच्याकडे देवळोदेवळी जत्रा सुरू होतात; जत्रेच्या रात्री देवळापुढे नाटक होते आणि पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता होते. हे नाटक करणाऱ्या मंडळ्या दहा-पंधरा माणसांच्या असतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, चेंदवणकर अशी त्यांची नावे गावांवरून अथवा घराण्यांवरून पडलेली आहेत. सामान म्हणाल तर कपडे, मुकुट आणि शस्त्रे भरलेला एक पेटारा. रंगभूमीवर एक लाकडी बाकडे. सिंहासन तेच, रथ तोच आणि प्रसंग पडल्यास पर्वतही तोच. वाद्ये तीन : पायपेटी, मृदंग आणि झांज. आरंभी गणपती, सरस्वती आणि अस्सल मालवणीत बोलून सर्वांना हसविणारा संकासूर ह्यांचा पूर्वरंग. मग पुराणातील एखादे आख्यान. स्त्रियांची कामे पुरुषच करतात.

परंतु ह्या नाटकाचा खरा विशेष असा की, त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि कोणी कोणते सोंग घ्यावयाचे एवढे ठरले म्हणजे झाले. भाषणे नट उभ्या जागी रचतो. संगीत नाटक मंडळीतून एखादा नट गेला तर त्याच्या मागे नाटककाराची वही तरी राहते. दशावतारात वहीच नाही. जो माणूस गेला तो आपल्या वाट्याचे नाटक डोक्यात घेऊन जातो, आणि त्याच्यासमोर उभे राहून बोलणाऱ्याचेही अर्धे नाटक जाते. कारण कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावयाचे ते दोघांनी मिळून अनेक रात्रींच्या जागरणाने जमविलेले असते.

आमच्या गावच्या जत्रेला जी मंडळी वर्षानुवर्षे येत असे, तिच्यातून एकाच पावसाळ्यात तीन माणसे गेली. राजाचे काम करणारा नट अधिक बिदागीच्या आशेने दुसऱ्या मंडळीत गेला. त्यात त्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही, कारण चार महिने पावसाळ्यात शेती आणि आठ महिने रात्रीचे जागरण ह्यांवर संसार करणाऱ्याने चार पैसे अधिक पाहू नयेत तर कोणी पाहावेत? राणीचे काम करणाऱ्याचे गुडघे धरले आणि त्याने घरी राहणे पसंत केले. तिसरा गेला तो मृदंगवाला, आणि तो देवाघरी गेला.

त्या वर्षीचे नाटक आम्हांस आजही स्पष्ट आठवते. राजाच्या जागी एक तरुण उभा केला होता. तो बिचारा पूर्वीच्या राजासारखाच बाकड्यावर पाय ठेवी, तशीच मान कलती करी आणि तशाच जागी तलवार परजी. आणि जितके ते तंतोतंत साधे तितके लोक अधिक हसत. नव्या राणीस उत्तर सुचेपर्यंत राजा थांबून राही. तो थांबला की पेटीवाला गोंधळून मधेच सूर भरी. मृदंगाचा प्रकार तर निराळाच होता. जुना मृदंगवाला नटाचा श्वास कोठे संपतो हे ओळखून थाप देत असे. त्यामुळे बोलणे आणि वाजविणे ह्यांत सांधा म्हणून दिसत नसे. नवा मुलगा एक तर बोलण्यावर वाजवी किंवा घाबरून अजिबात थांबे. राजा बदलला हे सर्वांना दिसले. मृदंग बदलला हे कोणी बोलून दाखविले नाही, परंतु नाटकाचे पाऊल वाकडे पडत होते ते त्यामुळे. मध्यरात्र उलटताच माणसे खाज्याच्या दुकानांकडे वळली. आम्हीही घोंगडी झटकून उठलो आणि वाटेने, पुष्कळांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नाव तेवढे उरले, मंडळी संपली."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. परंतु जत्रेची व्यवस्था पाहणाऱ्या पाच जणांत आम्हीही होतो. पुढल्या वर्षी दुसरी मंडळी बोलवावी असा विषय निघाला तेव्हा दोघे अनुकूल आणि दोघे प्रतिकूल होते. पाचवे मत आमचे. ते देताना आम्हांस तिळमात्र संकोच वाटला नाही. उलट कलेची बूज राखल्याचे समाधान वाटले.

अशा वेळी आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. ज्या मंडळ्यांची नावे आपण गौरवाने घेतो त्यांतील बहुतेक ह्याच प्रसंगातून गेलेल्या आहेत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि पाचच वर्षांनी, १८८५ साली, ते वारले. १९०१ साली भाऊराव कोल्हटकर गेले, तेव्हा किर्लोस्कर मंडळीचे आता काय होणार असा प्रश्न रसिकांस पडला असल्यास नवल नाही; परंतु १९०५ साली त्याच मंडळीत बालगंधर्व आले. पुढे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांनी बाहेर पडून गंधर्व मंडळी काढली, तेव्हा मागे राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीस मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर लाभले. आणि १९१८ साली तेही बळवंत संगीत मंडळी काढण्यासाठी निघून गेले. म्हणजे एका मंडळीचे जाणे हे दुसरीचे जन्मणे होते.

ह्याहूनही बोलके उदाहरण ललितकलादर्शाचे. १९०८ साली ती संस्था काढणारे केशवराव भोसले १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. त्यांचा तो तीव्र, पल्लेदार आवाज दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून निघणे शक्य नव्हते. बापूराव पेंढारकरांनी मंडळी पुढे चालविली आणि १९२२ साली मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले. वरेरकर हे आमच्या मालवणात वाढलेले. गेलेल्या गायकाच्या जागी त्याची छाया उभी करण्याऐवजी मंडळीने सामाजिक विषयाकडे तोंड वळविले, आणि तिची कीर्ती निराळ्या कारणासाठी टिकली.

हे सर्व पुतण्यास सांगितले तेव्हा त्याने आपल्या पोतडीतून एक गोष्ट काढली, ती आम्हांस फार आवडली. विलायतेत जेनेसिस नावाचा एक बँड होता. त्याचा गायक पीटर गेब्रियल १९७५ साली बाहेर पडला. उरलेल्यांनी नव्या गायकासाठी पुष्कळांची परीक्षा घेतली, परंतु कोणी पसंतीस उतरेना. शेवटी मागे बसून ड्रम वाजविणारा फिल कॉलिन्स हाच पुढे येऊन गाऊ लागला, आणि पुढील काळात त्या बँडला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोक ओळखू लागले. मात्र त्यांचे गाणे पहिल्यासारखे राहिले नाही, आणि जुन्या श्रोत्यांपैकी काहींना ते अद्याप रुचत नाही, हेही पुतण्याने प्रामाणिकपणे सांगितले. ते ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे विलायत नव्हती; वेंगुर्ल्याकडील एक देऊळ होते.

झाले ते असे. आमच्या त्या कर्तबगारीस सहा-सात वर्षे लोटल्यावर एका लग्नाहून परतताना आमची आणि गावच्या दोघा सोबत्यांची शेवटची एस. टी. चुकली. जवळच्या गावात जत्रा होती. रात्र काढावयाची म्हणून आम्ही तिघे देवळाकडे गेलो. कोणाची मंडळी हे विचारण्याचेही भान नव्हते. आख्यान महाभारतातील होते आणि कुंती कर्णाकडे आली होती. कुंती तरुण नव्हती, देखणी तर नव्हतीच. ती पुष्कळ बोलतही नव्हती. "बाळ" असा एक शब्द उच्चारून ती थांबली. कर्ण बाकड्यावर पाठ करून बसला होता, तो वळला नाही. आणि मृदंग गप्प राहिला. पाचशे माणसांच्या त्या जमावात एक मूल रडत होते, तेवढाच आवाज. मग कर्णाने, अजून पाठमोराच, विचारले की नदीत सोडलेल्या पेटीला झाकण होते की नव्हते. तेव्हा कोठे मृदंगावर एक थाप पडली, बोटांच्या टोकांनी दिलेली.

आमच्या सोबत्याने आमचा दंड धरला. "अहो, कुंती म्हणजे आपल्याकडचा तो संकासूर!" आम्ही निरखून पाहिले. होय, तोच. ज्याने आमच्या तीन पिढ्यांना हसविले तो पूर्वरंगातील संकासूर आज कुंती झाला होता. आणि मान कलती न करता, तलवार न परजता बसलेला तो कर्ण म्हणजे, ज्याला आम्ही हसलो होतो तो मुलगा. मृदंगावरही तोच घाबरट पोरगा होता. फरक इतकाच की, पूर्वी त्याचे थांबणे भीतीचे होते, आता ते समजुतीचे झाले होते. जुना मृदंग नटाबरोबर बोलत असे. हा ऐकत होता. पूर्वी ह्या मंडळीचे नाव युद्धासाठी घेतले जाई. आता युद्ध थोडक्यात आटोपले गेले, आणि सगळे आख्यान त्या एका भेटीभोवती उभे राहिले.

जे गेले ते गेलेच, हेही आम्हांस त्या रात्री दिसले. पूर्वरंग आखूड झाला होता. जुना मृदंगवाला सरस्वतीच्या प्रवेशाला जी एक विशिष्ट चाल धरीत असे, ती कोणालाच येत नव्हती. जुन्या राजाची काही आख्याने मंडळीने सोडूनच दिली होती. वही नसलेल्या कलेत असे नुकसान भरून येत नाही, आणि ते भरून येते असे सांगणाऱ्याने कोणाचे मन राखण्यासाठी सांगू नये. २०२२ साली नेरूरच्या कलेश्वर मंडळीचे लोकराजा सुधीर कलिंगण वारले, तेव्हा सबंध जिल्हा हळहळला तो उगाच नव्हे. तथापि गेलेल्याच्या जागी दुसरा उभा करणे एवढाच मार्ग मंडळीपुढे नसतो. एक माणूस गेला की राहिलेल्यांपैकी प्रत्येकाला आपल्या जागेवरून थोडे हलावे लागते. हलता हलता एखाद्या संकासुरात दडलेली कुंती सापडते. पण ती सापडावयास वर्षे लागतात, आणि ती वर्षे मंडळीस कोणीतरी द्यावी लागतात. त्या गावाने ती दिली होती.

पहाटे काला झाल्यावर आम्ही पेटीवाल्यास भेटावयास गेलो. तो आता पुरता म्हातारा झाला होता. त्याने आम्हांस ओळखले, बसावयास बाकडे पुढे केले, चहा मागविला. नाटक फार चांगले झाले, असे आम्ही म्हणालो. आणि काहीतरी बोलावे म्हणून पुढे म्हणालो की, एकदम तीन माणसे जाऊनही मंडळी सावरली ही मोठी गोष्ट. तो पेटीचा भाता बंद करीत होता. वर न पाहता तो म्हणाला, "गेले ते तीन न्हय, गाववाल्यांनू. चार. चवथे तुमी." त्याच्या स्वरात राग नव्हता. चहा आला तो आम्ही उभ्यानेच घेतला.

परत आल्यावर आम्ही पाच जणांना जमविले, झाले ते सांगितले आणि त्या मंडळीस पुन्हा बोलवावे असे सुचविले. सर्वांनी मान्य केले. परंतु निरोप घेऊन माणूस गेला तो नकार घेऊन आला. आमच्या जत्रेची जी तिथी तीच दुसऱ्या एका गावच्या जत्रेची. आणि ती रात्र मंडळीने त्या गावास कधीच देऊन टाकली होती. तेव्हापासून दर वर्षी त्या रात्री आम्ही आमच्या देवळापुढे दुसऱ्या मंडळीचे नाटक पाहतो. ते वाईट नसते. मध्यरात्रीनंतर एखादा नवखा मुलगा अडखळला आणि माणसे घोंगड्या झटकू लागली, की आम्ही मात्र हलत नाही.

पुतण्या जून लागताच मुंबईस गेला. निघताना त्याने, तुमचे म्हणणे पटले, असे काही म्हटले नाही. तरुणांनी तसे म्हणू नये हेच बरे. परवा त्याचे पत्र आले. त्या बँडचे नवे गाणे निघाले असून पहिल्यांदा ऐकताना ते त्याला मुळीच आवडले नाही, असे तो लिहितो. दुसऱ्यांदा ऐकले की नाही, ते त्याने लिहिलेले नाही. आम्ही उलट टपाली तेवढेच विचारले आहे.