उंदराचं प्रॅक्टिकल

बी.एस्सी.च्या झूलॉजीतलं उंदराचं डिसेक्शन गेलं, त्याला दहा वर्षं उलटून गेली. शोकसभा कुणी घेतली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली सूचना काढून प्राणी कापण्यावर मर्यादा घातल्या आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये पदवी, पदव्युत्तर दोन्ही वर्गांतून ते बंद केलं. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात असल्या गोष्टी परिपत्रकाच्या रूपात पोचतात. शिपाई कागद फिरवतो, सगळे सह्या करतात, कागद फायलीत जातो. ज्याच्या वासापायी कित्येकांनी दुपारचा डबा न उघडता घरी नेला, ते प्रॅक्टिकल इतक्या निमूटपणे गेलं, म्हणून हे चार शब्द.

गेलेल्याबद्दल आधी चांगलं बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. चांगलं होतंच. पुस्तकात रोहिणी लाल आणि नीला निळी असते. ट्रेमधल्या मेणावर टाचण्यांनी ताणून बसवलेल्या उंदरात सगळं एकाच ओलसर तपकिरी रंगाचं निघायचं आणि त्यातून महारोहिणी शोधावी लागायची. कात्रीचं टोक वर उचलून कापायचं, नाहीतर खालचं आतडं फाटतं, हे वाचून येत नाही. व्हायवाला बाहेरगावचे परीक्षक हटकून विचारायचे, "पित्ताशय दाखवा." घाबरलेली पोरं यकृताच्या आजूबाजूला काहीतरी दाखवायची. उंदराच्या या मोठ्या जातीला, म्हणजे रॅटला, पित्ताशय नसतंच. लहान जातीच्या माऊसला असतं. एवढा एक धडा मात्र त्या वर्गातला कुणी जन्मभर विसरणार नाही.

पांढरे उंदीर मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत. आमच्याकडे उंदीर मोंढ्यातून यायचा. आडतीच्या दुकानात रात्री पिंजरा लावलेला असायचा, सकाळी लॅबचा माणूस तो सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा. प्रॅक्टिकल दुपारी. मधले तास उंदीर त्याच पिंजऱ्यात, टेबलाखाली. पाणी ठेवल्याचं मला आठवत नाही. मग क्लोरोफॉर्मचा बोळा टाकलेली बरणी आणि वर काचेचं झाकण.

1994 साली मात्र पंचाईत झाली. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले आणि माणसांना गाठी आल्या. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला, लोक घरं सोडून बाहेर राहिलेले, घरातलं धान्य उंदरांच्या हवाली, असं कारण तेव्हा सांगितलं जायचं. पाठोपाठ सुरतेहून प्लेगच्या बातम्या आल्या. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना उंदीर पडले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालायच्या, हे ऐकून माहीत होतं. त्या दिवाळीआधी मोंढ्यातला उंदीर हातात धरायला लॅबचा माणूस तयार होईना, आणि त्याचं बरोबर होतं. त्याच वर्षी आमचा परभणी जिल्हा नांदेडच्या नव्या विद्यापीठाकडे गेला. सगळीकडे अभ्यासक्रमाची चर्चा होती. उंदराशिवाय ते सत्र पार पडलं तरी कुणाचं काही अडलं नाही, हे मात्र कुणी बोललं नाही.

इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर हा लेख भूतदयेच्या कीर्तनासारखा होईल. उंदराने माणसाला फार दिलंय. परळच्या प्रयोगशाळेत, जिला 1925 पासून हाफकिनचं नाव आहे, प्लेग कमिशनने गेल्या शतकाच्या सुरुवातीला हजारो उंदीर तपासले. पिसवांनी भरलेल्या खोलीत गिनीपिगचा पिंजरा जमिनीलगत ठेवला तर प्राणी मरायचे, दोन फूट वर टांगला तर वाचायचे, कारण पिसूची उडी तिथवर जात नाही. रोग उंदरावरच्या पिसवेतून येतो, हे अशा प्रयोगांनी ठरलं. त्या प्राण्यांच्या मरणातून कुणालाच ठाऊक नसलेलं काहीतरी कळलं. आमच्या ट्रेमधल्या उंदरातून दरवर्षी तेच कळायचं, जे जर्नलच्या पानावर आधीच छापलेलं होतं. नवं एकच असायचं, तो उंदीर.

गावाजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत. एवढ्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती बघायला लांबून लोक येतात. वर्गात जैन घरांतल्या मुली असायच्या. वर्षभर सर त्यांना शेजारच्या ट्रेवरून आकृती काढू द्यायचे, परीक्षेला मात्र सूट नव्हती. एकीने मार्क सोडले, कात्री उचलली नाही. आम्ही हसलो होतो. आयोगाला जे 2014 मध्ये सुचलं, ते तिला वीस वर्षं आधी कळलं होतं.

आता कॉम्प्युटरवरचा उंदीर आलाय. माऊस क्लिक केला की कातडी बाजूला होते. भारनियमनात तोही झोपतो, पण त्याला यातना नाहीत आणि चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून कापता येतो. मला तो पसंत आहे. हात तयार व्हायला डॉक्टर आणि पशुवैद्य होणाऱ्यांना पुढे दुसरी सोय आहे. झूलॉजी घेऊन बँकेत लागणाऱ्या पोराने उंदीर कशाला कापावा?

पण प्रॅक्टिकल बंद झालं आणि उंदीर सुटला, असं समजायचं कारण नाही. आपल्या नजरेआड गेला, एवढंच. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत, खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात, औषध आणि लस बनवणाऱ्या कंपन्यांत तो आहे आणि अजून बरीच वर्षं असणार आहे. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन शास्त्रज्ञांनी 1959 साली पुस्तक लिहून तीन कामं सांगितली होती: जिथे पर्याय असेल तिथे प्राणी वापरू नये, वापरावेच लागले तर कमीत कमी वापरावेत, आणि जे वापरले त्यांचे हाल होता होईल तो टाळावेत. कॉलेजांत आपण पहिलं केलं. ते तुलनेने सोपं होतं, एका परिपत्रकाने झालं. तिसरं परिपत्रकाने होत नाही.

ते कसं होतं, त्याची उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. माऊस शेपटीला धरून उचलायचा, ही जगभरची जुनी सवय. लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 मध्ये दाखवलं की शेपटीने उचललेले माऊस माणसाला घाबरून राहतात; प्लास्टिकच्या नळीतून किंवा ओंजळीत उचलले तर ते आपणहून हाताजवळ येतात. नळीला खर्च किती? माऊसला सुमारे तीस अंशांची ऊब लागते. प्रयोगशाळेत बावीस-तेवीस अंश असतात, कारण ते माणसांना बरं वाटतं. पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या टाकल्या तर माऊस स्वतःचं घरटं करतो आणि ऊब धरतो. 2010 मध्येच कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी बनवली: डोळे किती मिटले, कान कुठे वळले, मिशा कशा उभ्या राहिल्या. मेंदूशास्त्रज्ञ जाक पँकसेप यांनी तर रॅटला गुदगुल्या केल्या. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही अशा वरच्या स्वरात ते चिवचिवतात आणि पुन्हा गुदगुल्या करून घ्यायला हातामागे धावतात. टेबलाखालच्या त्या पिंजऱ्यातून दुपारपर्यंत काय आवाज येत असेल, ते आम्हाला ऐकू येण्यासारखं नव्हतंच.

शेतात झिंक फॉस्फाइडने एवढे उंदीर मारतो, मग या मूठभरांचं कौतुक कशाला, असं आमच्याकडे हमखास विचारतात. ज्याचं हरभऱ्याचं शेत कुरतडलं गेलंय, त्याला मी उपदेश करणार नाही. पण शेतातला उंदीर आपल्यावर चालून आलेला असतो. प्रयोगशाळेतला आपण आपल्या गरजेपोटी जन्माला घातलेला असतो. त्याच्या जेवणाची, उबेची, दुखण्याची जबाबदारी आपसूक आपल्यावर येते.

कायद्यातही ती आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे आणि प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला स्वतःची नैतिकता समिती नेमावी लागते. तीत शास्त्रज्ञांबरोबर एक पशुवैद्य लागतो आणि विज्ञानाबाहेरचा, समाजाची जाण असलेला एक सदस्यही लागतो. बहुतेक वेळा असा सदस्य इंग्रजी कागदांचा गठ्ठा बघून दबतो आणि चहा झाल्यावर सही करतो.

जिंतूरची मुलं आता फार्मसीला जातात, परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जातात, पुण्यात संशोधनाला लागतात. त्यांतली काही उद्या अशा समित्यांवर बसतील. त्यांना एवढंच सांगणं आहे: सही करण्याआधी प्राणीगृह दाखवा म्हणा. उंदीर शेपटीला धरून उचलतात की नळीतून, हे उभं राहून बघा. घरट्याला कागद दिलाय का, शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक कोण देतं आणि रात्री कोण बघायला येतं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातून काढू नका.