चिंधीची शाळा

छंद म्हटला की खर्च आलाच, असा आपला समज असतो. बाहुलीचे कपडे शिवण्याचा छंद त्याला अपवाद आहे. सुई, दोरा, कात्री आणि शिंप्याच्या दुकानातील कातरण एवढेच भांडवल! विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून मागांनी गजबजलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सुती चिंधीला काय तोटा?

आमच्या घरी नव्या कापडाला कात्री लावण्याचा अधिकार फक्त आईचा. शिवण हेच तिचे पोटापाण्याचे साधन. वीतभर कापड वाया गेलेलेही परवडत नसे. म्हणून मी बाहुलीवर शिकले. कमरेच्या दुप्पट लांबीची पट्टी घ्यायची, काठाशी धावदोरा घालून ओढायचा, की चुणीदार परकर तयार. पोलके मात्र कापड दुमडून बाह्यांसकट एकसंध कापावे. रेशमी खणाचे धागे सुटतात, म्हणून आरंभी सुतीच बरे.

बाहुली तक्रार करीत नाही. पण तिची इवलीशी बाही टाके बारीक घालायला लावते. तोच हात पुढे मोठ्या कापडावर चालतो. गेल्या दिवाळीत आईने गिऱ्हाइकाचा परकर बेतायला कात्री माझ्या हाती दिली. कापड नवे होते, परक्याचे होते; पण माझा हात थरथरला नाही.