कॅसेट कुणी पाठवली?

‘काशे’ हा मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाचा फ्रेंच चित्रपट २००५ सालचा. काशे म्हणजे लपवलेलं. त्या वर्षी कान महोत्सवात हानेकेला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. चित्रपट संपला की पाहणारे एकमेकांना हमखास एकच प्रश्न विचारतात: कॅसेट कुणी पाठवली? माझं म्हणणं असं की, या प्रश्नात अडकलो की आपण नकळत नायकाच्या शेजारी जाऊन बसतो. का, ते सांगायचं तर शेवटही सांगावा लागेल. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.

सुरुवातीला पॅरिसच्या एका गल्लीतलं घर दिसतं. कॅमेरा हलत नाही. एखादा माणूस जातो, सायकल जाते. बराच वेळ काही घडत नाही. मग बोलणं ऐकू येतं, आणि पुढे चित्र भराभर मागे पळू लागतं. तेव्हा कळतं की आपण पाहत होतो ती कॅसेट आहे आणि घराचे मालकही ती आपल्याबरोबरच पाहत आहेत. जॉर्ज (दानिएल ओतेय) टीव्हीवर पुस्तकांचा कार्यक्रम करतो, बायको आन (ज्युलिएत बिनोश) प्रकाशनसंस्थेत काम करते, पिएरो हा शाळकरी मुलगा. कुणीतरी त्यांच्या दारावर नजर ठेवून आहे. पण पैशाची मागणी नाही, धमकी नाही. सोबत फक्त लहान मुलानं काढावं तसं एक चित्र: तोंडातून रक्त येणारा मुलगा. पोलीस म्हणतात, हल्ला झालेला नाही, आम्ही काय करणार?

पुढच्या एका कॅसेटच्या मागावर जॉर्ज शहराबाहेरच्या गरीब वस्तीतल्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचतो. दार उघडतो मजीद (मोरिस बेनिशू). त्याचे आईवडील अल्जीरियन, जॉर्जच्या घरच्या शेतावर कामाला होते. १९६१ च्या ऑक्टोबरात ते निदर्शनासाठी पॅरिसला गेले आणि परत आले नाहीत. जॉर्जच्या आईवडिलांनी मजीदला दत्तक घ्यायचं ठरवलं. सहा वर्षांच्या जॉर्जला आपल्या घरात वाटेकरी नको होता. मजीद रक्त ओकतो, असं त्यानं सांगून पाहिलं. मग ‘बाबांनी कोंबडा मारायला सांगितलाय’ असं मजीदला सांगितलं, आणि त्यानं तो मारल्यावर ‘मला घाबरवायला मारला’ अशी तक्रार केली. मजीदची रवानगी अनाथाश्रमात झाली.

ते निदर्शन हानेकेनं कल्पनेतून काढलेलं नाही. अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा चालू असताना, ऑक्टोबर १९६१ मध्ये, पॅरिसचे पोलीसप्रमुख मोरिस पापों यांनी फक्त अल्जीरियन मुसलमानांसाठी रात्रीची संचारबंदी लावली. तिच्या निषेधार्थ १७ ऑक्टोबरला हजारो अल्जीरियन, बायकामुलांसह, रस्त्यावर उतरले. पोलिसांनी दहा हजारांहून अधिक लोकांना पकडलं, कित्येकांना मारहाण केली, गोळ्या घातल्या. प्रेतं सेन नदीत मिळाली. सरकारनं तेव्हा मृतांचा आकडा तीन सांगितला. इतिहासकारांचे अंदाज अनेक डझनांपासून दोनशेपर्यंत आणि त्याहीपुढे जातात. पापों पुढे मंत्री झाले. १९९८ मध्ये त्यांना शिक्षा झाली, पण ती दुसऱ्या महायुद्धात बोर्दोच्या ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्यातल्या सहभागाबद्दल. १९६१ च्या त्या रात्रीसाठी त्यांच्यावर खटला चालला नाही. चित्रपटात या सगळ्याला जॉर्ज मोजून काही वाक्यं देतो. बायकोनं खोदून विचारल्यावर, आणि तेही घाईत.

आता जॉर्जचा गुन्हा कोणता, ते पाहू. सहा वर्षांचं पोर. आपल्याकडे नाबालिगाच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही. घरात दुसरं मूल आलं की हेवा कुठल्या लेकराला वाटत नाही? जॉर्जही हाच बचाव करतो: मी लहान होतो, माझा काय दोष? आणि त्यात तो खोटं बोलत नाही.

पण कॅसेट नीट पाहा. त्यांत कोंबडा नाही. लहानपण फक्त त्या कागदी चित्रांत आहे. कॅसेटमध्ये आहे तो आजचा जॉर्ज: त्याचं आजचं घर, त्याच्या गावाकडचा वाडा आज दिसतो तसा, मजीदच्या दाराकडे नेणारा बोळ. आणि सर्वांत महत्त्वाची कॅसेट म्हणजे त्या दोघांच्या भेटीची. इतक्या वर्षांनी समोर आलेल्या मजीदला जॉर्ज एकदाही विचारत नाही, ‘तुझं पुढे काय झालं?’ तो दम देतो आणि निघून जातो. घरी बायकोला सांगतो, तिथे कुणीच नव्हतं. कॅसेट मात्र चालूच राहते, आणि जॉर्ज गेल्यावर एकटा बसून रडणारा मजीद तिच्यात दिसतो.

किरामन कातिबीनची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. खांद्यावर बसून लिहिणारे फरिश्ते धमकी देत नाहीत, काही मागत नाहीत. जे घडतं ते टिपतात. जॉर्जच्या हिशेबात कोंबड्याची ओळ नसेलही. पण पिएरो एका रात्री घरी येत नाही, तेव्हा जॉर्ज पोलिसांना घेऊन थेट मजीदच्या दारात जातो, पुरावा नसताना बाप आणि मुलगा रात्रभर कोठडीत राहतात, ती ओळ नक्की असेल. पिएरो मित्राकडे होता. सकाळी तो आल्यावर मजीदकडे जाऊन दोन शब्द बोलावेत, हे जॉर्जला सुचतही नाही.

म्हणून मला हा चित्रपट हुकूकुल इबादचा वाटतो. अल्लाहचा हक चुकला तर तौबा थेट त्याच्याकडे. पण बंद्याचा हक मारला असेल तर आधी त्या बंद्याचं दार वाजवावं लागतं. जॉर्ज ते दार वाजवतो, पण आरोप करायला. शेवटी मजीदच त्याला बोलावून घेतो, ‘तू इथे हजर असावंस असं वाटलं’ एवढंच म्हणतो आणि त्याच्यासमोर स्वतःचा गळा चिरतो. त्यानंतर माफी मागायला दारच उरत नाही. मजीदचा मुलगा ऑफिसात येऊन समोर उभा राहतो, तेव्हाही जॉर्ज त्याच्यावर ओरडतो: माझ्यामागे काही लावू नकोस. मग घरी येऊन झोपेच्या गोळ्या घेतो, पडदे ओढतो आणि झोपतो.

‘कॅसेट कुणी पाठवली’ हा प्रश्न शेवटपर्यंत जॉर्जचाच राहतो. गुन्हेगार सापडला की आपण सुटलो, असं त्याला वाटतं. हानेके उत्तर देत नाही. शेवटच्या लांबून घेतलेल्या दृश्यात शाळेच्या पायऱ्यांवरच्या गर्दीत मजीदचा मुलगा आणि पिएरो बोलताना दिसतात, पण ऐकू काही येत नाही.

फ्रान्सचंही काहीसं असंच झालं. २००१ मध्ये सेनवरच्या सँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक लागला. २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी त्या रात्रीचं रक्तरंजित दमन मान्य केलं. २०२१ मध्ये मॅक्रों यांनी, पापों यांच्या हाताखाली झालेले ते गुन्हे अक्षम्य आहेत, असं म्हटलं. साठ वर्षांत कबुली इथवर आली. माफी अजून मागितलेली नाही, आणि ज्यांच्याकडे ती मागायची ते एकेक करून जात आहेत.