दुसरा मॉनिटर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात चादरी आणि टॉवेल निघतात. त्यांवरची नक्षी मी संगणकावर काढते. ग्राफमधला एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा एकमेकांना छेदतात ती जागा. मोराच्या मानेची कड नीट करायची तर ग्राफ इतका मोठा करावा लागतो, की मोर कुठे गेला कळत नाही. मालकांना म्हटलं, 'काका, अजून एक मॉनिटर द्या.'

'दोन-दोन टीव्ही कशाला गं?' म्हणाले, पण हिशेबाच्या टेबलाखाली पडलेला जुना चौकोनी मॉनिटर दिला.

त्याला फक्त व्हीजीए. माझ्या ग्राफिक्स कार्डावरचं एचडीएमआय आधीच अडकलेलं, मोकळं होतं ते डिस्प्लेपोर्ट. नवी पेठेतून डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला. विकत घेताना सिग्नल कुठून कुठे जाणार हे सांगावंच लागतं, कारण हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. दरम्यान आमच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी 'हे काय, मागे व्हीजीए आहे की' म्हणत वायर थेट मदरबोर्डला लावून पाहिली. 'नो सिग्नल'. ग्राफिक्स कार्ड बसवलं की बऱ्याच मदरबोर्डांवरचा स्वतःचा डिस्प्ले बंद होतो. बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. त्यापेक्षा कन्व्हर्टर बरा.

चित्र आलं, पण दोन्हीकडे तेच. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' केलं. जुना मॉनिटर माझ्या डावीकडे, विंडोजच्या मते तो उजवीकडे. म्हणून माउस डाव्या कडेला जाऊन आपटायचा. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन नंबरचा चौकोन ओढून एकच्या डावीकडे ठेवला. एक पडदा १९२० बाय १०८०, दुसरा १२८० बाय १०२४, त्यामुळे उंची जुळत नाही आणि खालच्या कोपऱ्यात माउस अजूनही अडतो. त्याची सवय झाली.

जुन्यावर मरून रंग विटकरी दिसतो. म्हणून तिथे फक्त काळा-पांढरा ग्राफ, आणि अख्खी चादर नव्यावर. रंगाचा निकाल तसाही सुताच्या शेडकार्डावर, दारात उन्हात उभं राहूनच लागतो.

आमचे जुने मास्तर कागदी ग्राफवर ब्रशने चौकोन भरायचे, मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड पंच व्हायचं. आता फाइल पेनड्राइव्हवरून मागाला जाते. एकदा मास्तर खुर्ची ओढून बसले, डाव्या पडद्याकडे पाहिलंही नाही. उजवीकडे बोट ठेवलं, 'इथं जोड दिसतोय. पिसारा तुटलाय.' डावीकडे त्याच जागी चार चौकोन चुकीचे भरलेले निघाले.